ओळख दाखवायची नाही

"बंद कर तो फोन. ताटात काय वाढलंय ते तरी बघ," माई म्हणाली.

धाकट्यानं फोन बंद केला नाही. उलट पाण्याच्या जगला टेकवून उभा केला, म्हणजे टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांना एकदमच दिसावं. कालची मंडई. पत्रकं वाटणारी पोरं, त्यांच्यामागे घामाघूम झालेला धाकटा स्वतः, आणि सगळ्यांच्या पुढे त्याची बहीण, थोरली, नगरपालिकेची उमेदवार. भाजीच्या एका गाळ्यामागे उभी असलेली बाई थोरलीला बघते, तिचा चेहरा खुलतो, हात खांद्यापर्यंत वर येतो. थोरली तिच्याकडे बघते. आणि मग तिथे बाई नाहीच, नुसता मटारचा ढीग आहे, अशी मान फिरवून पुढे निघून जाते. बाईचा हात तसाच हवेत. खाली कुणीतरी लिहिलंय, 'मत पाहिजे, ओळख नको.'

"अख्ख्या वॉर्डानं बघितलंय," धाकटा म्हणाला. "माझ्या न्हाव्यानं बघितलंय. अर्धी दाढी तशीच ठेवून मला दाखवत बसला. म्हणे, तुमच्या ताईंना मान आखडण्याचा काही आजार आहे का?"

थोरलीनं पोळीचा तुकडा मोडला आणि तोंडात न घालता ताटाच्या कडेला ठेवून दिला. आज संध्याकाळी शाळेच्या सभागृहात सगळ्या उमेदवारांची एकत्र सभा होती. तिथे हा प्रश्न येणार, हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती.

"कोण आहे ती बाई?" धाकट्यानं विचारलं.

"भाजीवाली."

"ते दिसतंय मला! तुझ्या ओळखीची आहे की नाही?"

थोरलीनं उत्तर दिलं नाही. या घरात त्याचा अर्थ लहान पोरालाही कळला असता. माईनं गल्लीत कुटुंब केंद्र सुरू केलं तेव्हापासूनचा हा नियम होता. कुणाचा नवरा हात उगारतो, कुणाचा मुलगा घर सोडून गेलाय, कुणाला सासर सोडायचंय आणि जायला जागा नाही, अशी माणसं केंद्राचा जिना चढून येत. ती रस्त्यात दिसली, तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. त्यांनी दाखवली, तरी आधी त्यांच्या आजूबाजूला कोण आहे ते बघायचं. माईनं नोकरीभर तो पाळला. तिच्या जागी थोरली आली, तिनंही पाळला. दोघी मायलेकी जन्मभर अर्ध्या गावाला नजर न देता चालत आल्या होत्या, आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. पण केंद्रातली बाई आणि निवडणुकीतली बाई यात फरक असतो, हे उमेदवारीच्या उत्साहात कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"मग सरळ सांगून टाक ना लोकांना!" धाकट्यानं हात झटकले. त्याचा फलक छापायचा धंदा होता. जगातली कुठलीही अडचण मोठ्या अक्षरांत लिहिली की सुटते, असा त्याचा विश्वास. "आमच्या कामाचा नियम आहे, केंद्रात येणाऱ्यांना रस्त्यात आम्ही ओळख दाखवत नाही. संपला विषय. उलट लोक खूश होतील."

"आणि त्या बाईबद्दल लोकांना काय कळेल?" थोरलीनं शांतपणे विचारलं.

धाकट्याचे झटकलेले हात हळूच खाली आले.

"हं, आता पोचलं," त्याची बायको म्हणाली. तिचं चौकात औषधांचं दुकान होतं, आणि नवऱ्याचं डोकं चालायला लागलं की ती नेहमी असंच म्हणायची. "ताई एवढं बोलल्या की त्या बाईवर शिक्काच बसला. ती केंद्रात जाते. का जाते? काय झालंय घरात? तिच्या घरच्यांनी तो व्हिडिओ बघितला नसेल का?"

थोरलीच्या डोळ्यांपुढे मटारचा ढीग नव्हता. ढिगामागे स्टुलावर बसलेला माणूस होता. व्हिडिओत त्याचा फक्त गुडघा दिसत होता. तो कोण, आणि ती बाई केंद्रात कशासाठी यायची, हे थोरलीनं कधी कुणाला सांगितलं नाही, आणि या गोष्टीतही ते कुठे येणार नाही.

"मी काहीच बोलणार नाही," ती म्हणाली. "लोक गर्विष्ठ म्हणू देत."

"म्हणू देत काय? पडशील! आणि तू पडलीस की केंद्र बंद. कशासाठी नोकरी सोडलीस मग?"

हे खरं होतं. नगरपालिकेनं गल्लोगल्लीची केंद्रं बंद करून सगळ्यांचं मिळून मोठ्या चौकातल्या नव्या इमारतीत एकच चकाचक कार्यालय करायचं ठरवलं होतं. थोरलीनं अहवाल दिले, समितीपुढे बोलली, साहेबांच्या दारात ताटकळली. साहेब सौजन्यानं म्हणाले, "मॅडम, तुम्ही माणसं सांभाळा, धोरण आमच्यावर सोडा." त्या दिवशी ती घरी आली आणि म्हणाली, मी निवडणुकीला उभी राहते. तेव्हा माईनं दोन दिवस अबोला धरला होता.

आता माई बोलली. "नाव मागे घे."

"माई!"

"आपलं दार कुठल्या बाजूचं नाही, म्हणून तर माणसं येतात. मी तेव्हाच सांगितलं होतं. राजकारण आपलं काम नाही."

पण हे बोलताना माईचा आवाज नेहमीसारखा लागला नाही. लांबचं तिला आताशा नीट दिसत नसे, म्हणून तिनं फोन जवळ ओढला आणि व्हिडिओ डोळ्यांशी धरून पुन्हा बघितला. तिनं शिकवलं होतं, अगदी तसंच लेक वागली होती. मान किती वळवायची, चाल कशी बदलू द्यायची नाही, चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटू द्यायचं नाही. माईला पोरीचा फार अभिमान वाटला. आणि तेवढंच वाईटही वाटलं. एवढ्या चांगल्या कामाला लोक शिव्या देतायत, आणि तोंड उघडायची सोय नाही.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला काका निवांत जेवत होते. काका म्हणजे माईचे दीर. एके काळचे नगरसेवक. शेवटच्या निवडणुकीत त्यांनी माईला गळ घातली होती, की वहिनी, तुमच्या केंद्रातली चार माणसं व्यासपीठावर आणा, दोन शब्द चांगले बोलतील. माईनं साफ नकार दिला. काका थोडक्यात पडले. तेव्हापासून दोघं एकाच घरात राहत होते, एकाच टेबलावर जेवत होते, आणि एकमेकांशी तिसऱ्याच्या मार्फत बोलत होते.

"सूनबाई," काका औषधवालीला म्हणाले, "तुझ्या सासूबाईंना सांग, नाव मागे घ्यायची मुदत परवाच संपली."

"माई, काका म्हणतायत—"

"ऐकलं मी. त्यांना म्हणावं, मुदत बघूनच माणसं आयुष्य जगतात का?"

"काका, माई म्हणतायत—"

"मलाही कान आहेत."

एरवी इथे हसू फुटायचं. आज फुटलं नाही. धाकट्याची बायको ताटातल्या घासाशी खेळत विचार करत होती. घरात ती नंतर आलेली, त्यामुळे घरातले नियम तिला थोडे बाहेरून दिसत.

"ताई, एक विचारू? माझ्या दुकानात कोण काय औषध घ्यायला येतं, ते मलाही कुणाला सांगता येत नाही. पण मी मान फिरवत नाही हं कुणाकडे बघून. मान फिरवली तर शेजारचा लगेच वाकून बघेल, हा असं काय घेतोय म्हणून. मी सगळ्यांना सारखंच हसते. खोकल्यावाल्याला जेवढं, तेवढंच चिठ्ठी हळूच पुढे सरकवणाऱ्यालाही."

"तुझं दुकान आहे," थोरली म्हणाली. "दुकानात कुणीही येतं."

काकांनी हातातला पेला खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर अचानक जुना, सभेला निघालेला माणूस आला.

"आणि निवडणुकीत?" ते म्हणाले. "निवडणुकीत रस्त्यातही कुणीही भेटतंच ना? अगं, मी जन्मभर काय केलं? दिसेल त्याला हात केला. ओळखीचा, बिनओळखीचा, आमच्या बाजूचा, त्यांच्या बाजूचा."

"एकदा तर भलत्याच लग्नात शिरून नवऱ्यामुलाच्या आजीची तब्येत विचारून आलात," धाकटा म्हणाला.

"आणि ती बिचारी खूश झाली! सांगायचा मुद्दा असा, मी कुणाला हात केला म्हणून तो माझा कोण, असं कुणी कधी विचारलं नाही. विचारणार कसं? मी सगळ्यांनाच करायचो. तू फक्त काही जणांना करत नाहीस, म्हणून लोकांना दिसतं. सगळ्यांना कर. मग तुझी भाजीवाली त्या गर्दीत कुठे जाईल, शोधूनही सापडायची नाही."

थोरली टक लावून काकांकडे बघत राहिली. ज्या सवयीची या घरात सगळ्यांनी आजवर टर उडवली, त्या सवयीत माईचा नियम जसाच्या तसा शाबूत राहत होता. इतकं सोपं! आणि ते सांगायला काका लागले.

मग जे झालं, त्यानं धाकट्याचा घास हातातच राहिला.

"भाऊजी," माई म्हणाली. थेट. कुणाच्या मार्फत नाही. "सगळ्यांना म्हणजे अगदी सगळ्यांना?"

काकांनी उगाच मिशीवरून हात फिरवला.

"अगदी सगळ्यांना, वहिनी. एकालाही वगळायचं नाही. तिथेच तर खरी मेहनत आहे."

---

सभागृहाच्या दारात थोरली उभी होती, शेजारी काका. आत येणाऱ्या प्रत्येकाला ती हात करत होती. सुरुवातीला तिचा हात असा अवघडून वर जायचा की काका पुटपुटले, "अगं, बस थांबवतेयस का? मोकळा सोड." हळूहळू जमायला लागलं. रद्दीवाला, बँकेतला शिपाई, समोरच्या उमेदवाराची सख्खी बहीण. यातल्या काहींनी कधी काळी केंद्राचा जिना चढला होता, काहींनी नव्हता. सगळ्यांना तोच हात, तेच हसू. आणि थोरलीला आश्चर्य वाटलं, किती वर्षं या चेहऱ्यांकडे सरळ बघायचं राहून गेलं होतं.

मटारवाली आली. तिच्या मागे तो स्टुलावरचा माणूस होता. थोरलीनं दोघांनाही हात केला, पुढच्यांना केला, मागच्यांना केला.

सभा सुरू झाली. तिचं नाव पुकारलं, ती माइकपाशी गेली, आणि बसलेल्यांतून एक तरुण लगेच उठला. फोन हातातच होता.

"मॅडम, भाषण नंतर. आधी हे सांगा, कालच्या व्हिडिओत तुम्ही त्या बाईंना बघून न बघितल्यासारखं का केलंत?"

"चुकलं माझं," थोरली म्हणाली. "हात करायला हवा होता. माफी मागते."

सभागृहात कुजबुज झाली. पुढारी माफी मागतात हे फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. पण तरुण खाली बसेना.

"माफी ठीक आहे. पण ओळखता की नाही तुम्ही त्यांना? त्या इथेच बसल्यात. हो किंवा नाही, सांगा."

थोरलीनं माइक घट्ट धरला. हो म्हटलं, तर कुठून ओळखता, हा पुढचा प्रश्न. नाही म्हटलं, तर तोंडावर खोटं, तेही जिच्यासमोर खोटं बोलायचं नाही अशा बाईसमोर. दुसऱ्या रांगेत धाकट्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. माई मात्र लेकीकडेच बघत होती. तिला लांबून चेहरा नीट दिसत नव्हता, तरी ती बघत होती. पड, पण बोलू नकोस, असं ती मनात म्हणत होती, आणि त्याच वेळी लेक पडू नये म्हणून तिचा जीव तुटत होता.

"मला त्याचं उत्तर देता येणार नाही," थोरली म्हणाली.

"म्हणजे काय? देता येणार नाही?"

"अरे बाबा, बस की खाली!"

आवाज मधल्या रांगेतून आला. मटारवाली उठून उभी राहिली होती. पदर खोचून, मंडईत उभी राहावी तशी.

"व्हिडिओ माझा, आणि भांडतोयस तू! मला विचारलंस का? अरे, मी सकाळपासून जाईल येईल त्याला हात करते. गिऱ्हाईक थांबावं म्हणून! हात केला नाही तर मटार काय तुझ्या फोनवर विकू?" लोक हसायला लागले, तशी ती सरळ थोरलीकडे वळली. "पण बाई, राग आहे हं माझा तुमच्यावर. मतं मागत फिरता, आणि साधा मटारचा भाव विचारायला थांबला नाहीत. माझं सोडा, मालाचा तरी मान ठेवायचा!"

सभागृह खदाखदा हसलं. तिच्या शेजारचा माणूसही हसला. मटारवाली पदर सारखा करत खाली बसली, आणि बसता बसता एकच क्षण तिनं थोरलीकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते एकट्या थोरलीला कळलं. आजवर ती या बाईचं गुपित सांभाळत आली होती. आज त्या बाईनं तिचं सांभाळलं. थोरलीच्या डोळ्यांत पाणी तरारलं, आणि ते लपवायला तिला खोकावं लागलं.

"उद्या येते. भावही विचारते, घासाघीसही करते," ती म्हणाली. पुन्हा हशा झाला. आता सभागृह तिचं ऐकणार होतं.

मग ती जिन्याबद्दल बोलली.

"तुमच्या-आमच्या गल्लीतला तो अरुंद जिना सगळ्यांना माहीत आहे. खाली शिंपी, मध्ये दातांचा डॉक्टर, वर आमचं केंद्र. नगरपालिका म्हणते, जागा अंधारी आहे, पाटीसुद्धा धड दिसत नाही. बरोबर आहे. ती तशीच ठेवली होती. जिना चढणारं माणूस ब्लाउज शिवायला चाललंय, दात काढायला चाललंय की वर चाललंय, ते कुणाला कळू नये म्हणून. आपल्या गल्लीत इतक्या जणांचे दात दुखतात, हे काय उगाच?"

हशा उठला, पण मध्येच थांबला. बऱ्याच जणांना ते काय ऐकतायत ते नीट कळलं होतं.

"नवीन कार्यालय मोठ्या चौकात आहे. काचेचं दार आहे. वर फलक आहे, रस्त्याच्या पलीकडून वाचता येतो एवढा."

"मीच छापलाय," धाकटा रांगेतून नकळत बोलून गेला, आणि बायकोनं त्याला कोपर मारलं.

"त्या फलकाखालून, सगळ्या चौकाच्या देखत, आत पाऊल टाकायची कुणाची छाती होईल? तुमची होईल? माझी नाही होणार. मग वर्षअखेर साहेब सांगतील, बघा, कुणी येतच नाही, म्हणजे लोकांना गरज नाही. म्हणून मी उभी आहे. मला निवडून द्या असं मी म्हणेनच, उमेदवार आहे शेवटी. पण त्याआधी एवढंच म्हणते, जिना राहू द्या."

टाळ्या सुरू झाल्या त्या एकदम नाही. कुठेतरी मागे एक जोडी हात वाजले, मग दुसरे, मग भिंतीलगत उभ्या असलेल्या बायकांचे. कोण का वाजवतंय ते कुणालाच सांगता आलं नसतं.

पुढचा उमेदवार अनुभवी होता. हवा कुठे वाहते ते ओळखून तो माइकवर येताच म्हणाला, "जिना राहिलाच पाहिजे! आमचा पक्ष पहिल्यापासून जिन्याच्या बाजूनं आहे!" त्याच्यानंतरच्यानं तर प्रत्येक गल्लीत असा जिना बांधायचं आश्वासन देऊन टाकलं.

"चोर साले!" धाकटा दात खात म्हणाला. "काका, आपला मुद्दा पळवला!"

"पळवू दे की," काका आनंदानं म्हणाले. "चारचौघांत बोललेत. आता कुणीही निवडून आला तरी जिना सुटला साहेबांच्या तावडीतून."

व्यासपीठावर खुर्चीत बसलेली थोरली हसत होती. निवडणूक हरली तरी चालेल, असं तिला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं. मग लगेच वाटलं, छे, जिंकायलाच हवं, यांच्यावर लक्ष कोण ठेवणार?

---

घरी परतताना माई काकांच्या बरोबर चालत होती. पोरं मागे राहिली होती, थोरलीभोवती माणसं जमली होती म्हणून. रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते.

"भाऊजी," माई म्हणाली, "तेव्हा मी तुम्हाला माणसं दिली नाहीत. आजही दिली नसती."

"माहीत आहे," काका म्हणाले. "आज त्या पोरीला माइकपाशी गप्प उभं बघितलं, तेव्हा मला कळलं मी तुमच्याकडे काय मागितलं होतं. राहू दे आता ते."

माईनं मान हलवली. थोडं चालल्यावर तिनं पदराखालचा हात बाहेर काढला आणि समोरून येणाऱ्या माणसाला केला. तो गोंधळला, पण त्यानंही केला. पानवाल्याला केला. बाकावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना केला. आणि मग एक पिकल्या केसांची बाई, नातवाचं बोट धरून चाललेली, माईचा हात बघून थबकली.

"माई," ती म्हणाली, "बऱ्या आहात ना?"

"बरी आहे. तू?"

"आता अगदी बरी आहे," ती बाई म्हणाली. तिनं माईचा हात दोन्ही हातांत धरला, जरा वेळ तसाच ठेवला आणि निघून गेली.

काकांनी ती कोण म्हणून विचारलं नाही. माईनं डोळे पुसले, चष्मा पुसला, आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पुढच्या माणसाला झोकात हात केला. तो काही बोलला नाही. माईनं पुन्हा केला.

"वहिनी," काका हळूच म्हणाले, "तो कापडाच्या दुकानातला पुतळा आहे."

"असू दे," माई म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना, एकालाही वगळायचं नाही."